साठ इंच

ही टेप मी मल्हारगंजातून आणलेली,
एकतीस वर्षं झाली. पिवळी.
पहिल्या दोन इंचांचे आकडे बोटांनी पुसले गेलेत,
ते मला पाठ आहेत.
हिने पोलकी मापली, परकर,
सांवेरच्या शाळेचे गणवेश,
एकदा एका बँडवाल्याचा कोट.
आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी
ही जिरावणची छाती मापते.

नाकावर तपकिरी ठिपके,
पोह्यांवर कुणी घाईत भुरभुरल्यासारखे. म्हणून जिरावण.

पुढच्या पायांच्या अगदी मागून टेप घालायची,
तिने श्वास सोडला की ओढायची.
पोलक्याचं गिऱ्हाईक श्वास रोखून धरतं,
कालवड तसलं काही करत नाही.

या घराचा नियम जुना:
दूध देते तिला ढेप,
कालवडीला गव्हाणीत उरलेलं.
अडीच बिघ्यांत बरसीमचा एक कोपरा,
तोही गायीच्या नावाने.
कालवड म्हणजे पंगतीनंतर जेवणारी.
मी बोलले नाही. ढेप माझ्या पैशाने आणली.
एक पोलकं शिवलं की दोन दिवसांची,
अस्तर लावलं तर तीन दिवसांची.
वर चिमूटभर मीठ, ते घरातलंच.

फाल्गुनात ती पहिल्यांदा माजावर आली.
रात्रभर हंबरून राहिली होती,
खुंट्याभोवतीची जमीन उकरलेली,
शेपटीखाली काचेसारखी तार.
हे म्हणाले, भरवून घेऊ,
सगळे भरवून राहिले आहेत.
गेंदालाल मोटरसायकलवर आला,
त्याने डब्याचं झाकण उघडलं, थंड धूर निघाला.
मी मध्ये उभी, गळ्यात टेप.
बावन्न.
चहा पाजून त्याला परत पाठवलं.
हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मी सोळाची होते तेव्हा
माझं माप कुणी घेतलं नव्हतं.
पहिलं राहिलं नाही.
ते इथे कशाला, जाऊ द्या.

चोपन्न. साडेपंचावन्न.
वैशाखात बरसीम संपलं, पुन्हा साडेपंचावन्न.
तेव्हा मी कुणाच्याही पोलक्याला अस्तर सुचवत होते.
भाद्रपदात अठ्ठावन्न.
आणि मार्गशीर्षात एका सोमवारी
टेपची दोन टोकं भेटेनात.
मध्ये दोन बोटं जिरावण उरली.

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी बोलवायचं.
गेंदालाल देपालपूरच्या लग्नातून
सफारी सूट घालूनच आला.
मी दाराच्या फळीवर शिंप्याच्या खडूने
रोज एक रेघ ओढली.
एकविसाव्या रेघेला ती हंबरली.
उलटली.
यांनी फळी ओल्या फडक्याने पुसली
आणि खडू माझ्या हातात दिला.

दुसऱ्यांदा एकवीस झाल्या.
बावीस.
तेविसाव्या सकाळी ती नुसती चघळत उभी.
यांनी त्या दिवशी न सांगता
बरसीमचा भारा आधी तिच्यापुढे टाकला.
पोट चाचपायला अजून दोन महिने आहेत,
गेंदालाल म्हणतो, पेढे वाटू नका.

काल ढेप कालवताना वाकले,
तिने गळ्यातली टेप जिभेने ओढून घेतली.
सोडवेपर्यंत शेवटचा तुकडा गेला, साठच्या आकड्यासकट.
आता टेप अठ्ठावन्नला संपते.

पोलक्यांना पुरते.