असुविधेबद्दल

आईच्या शिलाई मशीनवर माझं ऑफिस आलं
एका मंगळवारी, टेम्पोतून.
खोक्यात एक कॉम्प्युटर, एक हेडफोन
आणि चिठ्ठी, की ही मालमत्ता कंपनीची आहे.

मशीनचं डोकं आत पाडलं, वर फळी.
लग्नंच नाहीत तर ब्लाउज कुणाचे, आई म्हणाली,
आणि सुईदोऱ्याचा डबा फ्रिजवर ठेवून दिला.
कन्नमवार नगरात, आमच्या दुसऱ्या मजल्यावर
रेंज फक्त खिडकीशी येते
आणि खिडकीशी फक्त मशीन मावतं.
म्हणून असं.
माझ्या पायाखाली पायडल. बोलता बोलता हलायचं.
पट्टा काढलेला, चाक रिकामंच फिरायचं.

नमस्कार, मी हेमांगी बोलतेय,
आपली काय मदत करू शकते?

पहिल्याच आठवड्यात साहेबांनी रेकॉर्डिंग ऐकलं.
"मागे कुकर वाजतो, मॅडम." दोन गुण वजा.
तेव्हापासून आमच्या घरी डाळ
माझ्या साडेबाराच्या सुटीत शिजते.
बाबा आवाज बंद करून बातम्या बघतात,
आकडा वाढला की नुसती मान हलवतात.
निहार मोरीत पालथ्या बादलीवर बसून
बारावीचं रसायनशास्त्र शिकतो,
ज्याला आंघोळ करायची त्याने तास संपेपर्यंत थांबायचं.
दूध दोरीने वर येतं.
समोरच्या इमारतीतले सामंत गेले
ते आम्ही खिडकीतून पाहिलं,
म्हणजे ॲम्ब्युलन्सचं छप्पर पाहिलं.
मी तेव्हा एकाला हप्त्याची तारीख सांगत होते.

मग एका दुपारी, लसूण सोलत,
माझ्याकडे न बघता आईने विचारलं,
"तू दिवसभर कुणाची माफी मागत असतेस गं?"

असुविधेबद्दल क्षमस्व.
प्रतीक्षेबद्दल क्षमस्व.
सात वर्षं हा आवाज मी ओळखपत्रासारखा
गळ्यात घालून जायचे
आणि घरी येताना पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकायचे.
बाबांशी तीन महिने अबोला धरलेली मुलगी
इतकं मऊ बोलते, हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.
आता कप्पा नव्हता. सगळ्यांनी ऐकलं.

"काम असतं ते," मी म्हटलं.
"मीही उसवून द्यायचे," आई म्हणाली,
"चूक गिऱ्हाइकाची असली तरी.
पण तोंडाने नाही हो म्हटलं कधी."

ऑगस्टमध्ये एक बाई, इस्लामपूरहून.
पॉलिसीतून नवऱ्याचं नाव कमी करायचंय म्हणाली.
कमी करण्याचं कारण: यादीत चार पर्याय.
मी चौथा निवडला. तिला वाचून दाखवला नाही.
तेवढ्यात शिट्टी झाली.
"एक मिनिट हं," ती म्हणाली.
"एक मिनिट हं," मीही म्हणाले,
दोघी एकदम.
मागे वळले तर आई पदराला हात पुसत उभी,
आमचा गॅस बंद.
शिट्टी तिकडची होती.

पलीकडे भांडं सरकलं, एक मूल काहीतरी मागत होतं.
मग ती परत आली.
"दोघांपुरताच लावते आता. तरी हाताला माप येत नाही,
उरतोच भात."

समोर वाक्य लिहिलेलं होतं. नुसतं वाचायचं होतं.
मी म्हटलं, "आमच्याकडेपण उरतो.
सकाळी फोडणी देतो."
"कांदा घालून?"
"कांदा घालून."
"हां," ती म्हणाली. "तेच."
आणि फोन तसाच राहिला थोडा वेळ, दोन्हीकडून.

कॉल साडेतीन मिनिटांनी लांबला. चार गुण वजा.

सहा वाजता हेडफोन काढला
तर आई फ्रिजवरचा डबा घेऊन समोर.
"उठ. माझी पाळी."
कंपनीची मालमत्ता पलंगावर गेली.
तिने पट्टा चढवला, सुईत दोरा ओवायला मला दिला,
आणि माझ्याच कुर्त्याची बाही घेतली,
काखेत उसवलेली,
जी कॅमेऱ्यात कधी दिसत नव्हती.

चाक आता भरलेलं फिरत होतं.
बाबांनी टीव्हीचा आवाज लावला.
फार नाही, थोडा.