होडीचा वाटा

मला प्रोग्रॅमिंग येत नाही.
डी.एड.चा संगणकाचा पेपर पाठ करून सुटले;
की-बोर्डवर अजून एकाच बोटाने चालते,
शेवाळलेल्या खडकावरून चालावं तशी.

हे मात्र वेगळंच निघालं.
पडद्याच्या डाव्या अंगाला रंगीत ठोकळे, चक्क मराठीत:
जेव्हा. जोपर्यंत. पुन्हा पुन्हा. जर. तर.
एकाच्या खाचेत दुसऱ्याचा दात.
नाही बसला तर ठोकळा मुकाट परत जातो,
रागावत नाही.

वीस वर्षं संकेतार्थ शिकवतेय.
‘वारा पडला तर होडी निघेल.’
फळ्यावरून ती होडी कधी हलली नाही.
त्या रात्री वीज जाऊन-येऊन होती.
मी वाऱ्याचा ठोकळा खाली ओढला
आणि होडी निघाली.
नवरा उठून आला, कोण हसतंय बघायला.

खाडीपार माणसं नेते, तिलाही आमच्याकडे
तर म्हणतात.
मी इतकी वर्षं ‘जर’च्या धक्क्यावरच.

मग चौथीसाठी भागाकाराचा खेळ केला.
चार खलाशी, बारा बांगडे, सारखे वाटे घाला.
बरोबर आलं की घंटा,
चुकलं की कावळा एक बांगडा पळवतो.
(कावळा मीच काढलाय. बदक वाटतो.)

तांबळडेगच्या शाळेत लॅपटॉप एक, पोरं अकरा.
लावण्या कोयंडेने दोन टाकले. कावळा.
पुन्हा दोन. कावळा.
अगं, बारा भागिले चार किती?
ती माझ्याकडे बघत राहिली, नापास मीच असल्यासारखी.

“बाई, होडयेचो वाटो खंय?
आणि जाळ्याचो?”

चार माणसं, एक होडी, एक जाळं.
रापणीच्या वाळूत रोज होणारा हिशोब;
माझ्या खेळात त्याला जागाच नव्हती.

मधल्या सुट्टीत माऊस तिच्या हातात,
मी शेजारी, डबा उघडा, भात गार.
तिने माझा चौकार उपटला, सहा बसवला.
कावळा काढायला गेले तर हात धरला:
“ऱ्हवांदे. तेकाव व्हयो एक.”

आता खेळात तेरा बांगडे आहेत.
तेरा भागिले सहा.
भागाकार दोन.
बाकी
पत्र्यावर बसून वाट बघतेय.