दहा गुणांचा प्रश्न

मूत्रपिंडाच्या विकारांची कारणे व लक्षणे लिहा.
पेपरात तिसराच प्रश्न. वर पंखा नुसता फिरतो,
बाहेर मेडिकल चौकात सेहेचाळीस अंश,
आणि माझ्या पेनाच्या टोकाशी
झिबल पराते, बेड क्रमांक नऊ.

कारणे, मी लिहिलं: मधुमेह, उच्च रक्तदाब,
मुतखडा, वारंवार होणारा जंतुसंसर्ग,
वेदनाशामक गोळ्यांचा दीर्घकाळ वापर.

दीर्घकाळ म्हणजे किती, ते पुस्तकात नाही.
झिबलभाऊंनी बोटांवर मोजून सांगितलं होतं,
"माग बंद पडला तवा पोरगी तिसरीत होती.
मंग कळमन्यात हमालीले लागलो.
आता ते बी.एड. करून राह्यली."
तितकी वर्षं.
रोज रात्री एक गोळी, बहाराच्या दिवसांत दोन,
चौकातल्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय.
पाठीवर संत्र्यांचे क्रेट. आणि पाणी?
"पाणी पेलं तं मुताले जा लागते बाई,
तेवढ्यात दुसराच गाडी खाली करून टाकते."

हे वाक्य कुठल्या मुद्द्याखाली घालू?

लक्षणे. सकाळी डोळ्यांखाली सूज.
पायावर अंगठा दाबला की खळगा राहतो.
वैरागडे सिस्टरांनी माझाच अंगठा धरून दाबला होता,
"मनात मोज. किती वेळानं भरतो?"
बावीसपर्यंत मोजलं आणि थांबले,
कारण तो पायाकडे नाही,
माझ्या तोंडाकडे बघत होता.

लघवीला फेस. अंगाला खाज. धाप.
जिभेवर लोखंडाची चव.
सावजीचा रस्सा पांचट लागला म्हणून
खानावळीत तो मालकाच्या अंगावर गेला होता,
"मसाला बदलवला का बे?"
वीस वर्षांची ओळख, त्या दिवशी तुटली.
मी लिहिलं: भूक मंदावणे.

डाव्या हातावर फिस्टुला.
त्या हाताचा रक्तदाब घ्यायचा नाही,
सलाइन लावायचं नाही, घड्याळसुद्धा नाही.
बोटं ठेवली की कातडीखाली घरघरतं,
कूलरच्या मोटरीवर हात ठेवावा तसं.
"चालू हाये ना?" तो दर वेळी विचारायचा.
"चालू आहे."

पाण्याचा हिशोब सोपा:
कालची लघवी, अधिक पाचशे.
त्याची कालची लघवी दोनशे.
म्हणजे सातशे मिलि, चहासकट, वरणासकट.
खिडकीतला कूलर तासाला बादली प्यायचा,
वाळ्याच्या ताट्यांतून थेंब गळायचे
आणि तो ते मोजत पडायचा.
"सिस्टर, ह्या कूलरले बी चार्ट लावा ना."
वॉर्ड हसला. मीही.
नंतर त्याला बर्फाचा एक खडा दिला
आणि वितळलेल्या पाण्याचे तीस मिलि लिहिले.

पोस्टिंगचा शेवटचा दिवस, एप्रिल.
बाजारातल्या सोबत्यांनी मृगाची शेवटची संत्री पाठवली,
दोन, गमछ्यात बांधून.
"तुमच्यासाठी हायेत. मले चालत नाही,
मले मालूम हाये."
पोटॅशियम वाढलं की ईसीजीतली टी-लाट
तंबूसारखी ताठ होते, हातापायांतलं बळ जातं,
हृदय मध्येच थांबूही शकतं.
हे मला पाठ आहे.
ज्यानं अर्धं आयुष्य ही फळं वाहिली
त्याला फोडही द्यायची नाही, हेही पाठ आहे.

मी सोलू लागले. त्यानं साल मागितली.
नखानं दुमडली, बारीक फवारा उडाला,
डोळे मिटून नाकाशी धरली.
"वासाले तं बंदी नाही ना?"

मी चार्ट पाहिला.
तोंडावाटे, शिरेवाटे, लघवी, उलटी.
वासाला रकाना नव्हता.

घंटा झाली. दीड पान भरलं होतं.
पुरवणी मागितली नाही.
बाहेर उन्हात मैत्रिणी पाण्यावर तुटून पडल्या,
एकीनं बाटली माझ्या हातात दिली.
तोंडाला लावण्याआधी
मी तिच्यावरचे मिलि वाचले.