चौथ्या जॅकखाली

भोसरीच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं
मी सपाटपणा तपासला.
ग्रॅनाइटच्या टेबलावर, एसीत.
डायलचा काटा केसाच्या दहाव्या भागाएवढा हलला
तरी जॉब परत.
पोरं माझ्यामागे मला ओळंबा म्हणत.

आता पानशेतच्या मागच्या पाण्याला
निवंगुण्यांच्या पडीक तुकड्यावर
मी गुडघे टेकून
कॅम्परच्या पोटाखाली बघतोय.

आधी चाकांना पाचरी.
मग उजवं चाक फळीवर, दोन बोटं वर.
मग आत ओट्यावर पाणसळ,
आणि हेमलता ओरडून सांगते,
"दाराकडं गेला... अजून दाराकडं...
आता कुठं गेला?"
बुडबुडा उंच बाजूला पळतो,
हे तिला बारा सहली सांगतोय.
"म्हणजे उलटंच बोलतो की मेला."

ठोकळे बाभळीचे, सहा,
भवानी पेठेतल्या लाकूडबाजारातून आणलेले,
कडा मी रंध्यानं मारलेल्या.
धायरीत सोसायटीच्या मीटिंगला त्यांच्यावर
ठराव झालाय: पार्किंगमध्ये सरपण ठेवू नये.

पहिला जॅक. खाली ठोकळा. हँडल फिरवत न्यायचं,
लाकडाला लागलं की अर्धा फेरा, बास.
हे जॅक वजन उचलायला नसतात.
रात्री कुणी कूस बदलली तर गाडी डुलू नये,
एवढ्यासाठी टेकवायचे,
आजाऱ्याला बसवताना पाठीला हात लावतो तसे.
दुसरा. तिसरा.

चौथा खालीच जात राहिला.
ठोकळा मातीत गेला. त्यावर दुसरा ठेवला,
तोही निम्मा गेला.

बांधावरून बबन निवंगुणे बघत होता, बराच वेळ.
"भराव हाय तिथं, साहेब," म्हणाला.
"चंद्रीला पुरलीय. म्हस आमची.
दोन दिवाळ्या झाल्या."

मी हँडल सोडलं.
हेमलता दारात येऊन उभी होती.
"हलवायची का?" तिनं विचारलं, मला नाही, त्याला.
तो डोंगराकडे बघत बोलला,
"आता अंधारात कुटं हलवता.
ऱ्हाऊ द्या. आमी दोघं भाऊ तिच्या पाठीवर बसून
पाण्यात जायचो. तिला काय जड न्हाई."

मी मनात भागाकार मांडला.
भार तेवढाच, तर बूड रुंद हवं.
गाडीत रुंद असं काहीच नव्हतं.
हेमलता आत गेली आणि पोळपाट घेऊन आली,
शिसवी, तुळशीबागेतला,
लग्नाच्याही आधी स्वतःच्या पगारातून घेतलेला.
"अगं, मग पोळ्या?"
"ताट पालथं घालून लाटीन."

पोळपाटही पालथा, पाय वर.
त्या तीन पायांच्या मधोमध जॅकचा तळवा बसला,
मापाला करून घेतल्यासारखा.
अर्धा फेरा.
थांबला.

जेवण करताना तव्यावरचं तेल
खिडकीकडे निघालं.
पाणसळीत बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
तवा थोडा फिरवला आणि पोळी टाकली.

रात्री मी कान देऊन पडलो होतो.
खाली फासळ्या असतील,
त्यांच्यामधली माती अजून बसत असेल.
कधीतरी तीनच्या सुमाराला
गाडी एक बोटभर त्या बाजूला कलली, हळू,
आणि हेमलता झोपेतच सरकून
माझ्या अंगाला लागली.
मी उठलो नाही.

सकाळी बबनची बायको किटलीत दूध घेऊन आली.
"चंद्रीच्याच पारडीचं हाय."
वाकून तिनं जॅकखाली पाहिलं.
"अवं, पिठाचा पोळपाट! मुंग्या लागल्या की."
लागल्याच होत्या. भेगेतल्या जुन्या कणकेवर
अख्खी रांग.

निघताना पोळपाट धरणाच्या पाण्यात धुतला.
एक ठोकळा पूर्ण गेलेला, दुसऱ्याची नुसती कड वर.
पहारीनं निघाले असते.
बबन पहार घेऊन आलाही होता.
मी म्हटलं, असू दे.

धायरीला परत आलो तेव्हा
वॉचमननं वहीत लिहिलं:
सरपण, नग चार.