सोडलेला चेंडू

स्कोअरच्या वहीत त्याला चिन्ह नाही.
चौकाराला आहे, नो-बॉलला आहे,
पॅडला लागून निसटलेल्या धावेलाही आहे.
पण जो ऑफस्टंपच्या वीतभर बाहेरून
शीळ घालत गेला,
ज्याला पाहून एका माणसानं बॅट खांद्यावर घेतली
आणि कीपरच्या हातात पडेपर्यंत
नुसत्या नजरेनं पोचवलं,
त्याला फक्त ठिपका.
चुकलेल्यालाही तोच ठिपका.

भुसावळ. रेल्वेचं मैदान. मे महिना.
मी तेरा वर्षांचा, शामियान्याच्या फाटक्या सावलीत,
मांडीवर वही, घामानं निसटणारी पेन्सिल.
काथ्याची मॅट, कडांना खिळे.
सकाळी मारलेलं पाणी दहा मिनिटांत उडायचं
आणि नवा चेंडू तिच्यावर आपटून
सरळ गळ्याशी यायचा.

तिकडून डेन्झिल रोझारिओ,
मालगाडीवरचा फायरमन,
कोळसा लोटून लोटून रुंद झालेले खांदे.
पाण्याच्या टाकीपासून धावत सुटायचा,
तेव्हा रसवंतीच्या चरकाचं घुंगरूसुद्धा
थांबतं, असं मला वाटायचं.

इकडे लोटन झांबरे. लोकोशेडातला फिटर. सलामीला.
हेल्मेट आम्ही कुणी पाहिलं नव्हतं.
डाव्या मांडीला केळीचं वाळलेलं सोपट,
पायजम्याच्या नाडीनं आवळून बांधलेलं.
सावद्याचा मामा आणून द्यायचा,
म्हणायचा, घड व्यापाऱ्याला, सोपट भाच्याला.

पहिला चेंडू कानाजवळून गेला.
दुसरा बरगडीवर.
लोटननं ती चोळली नाही.
फक्त मॅटवरचा एक खडा उचलून बाहेर टाकला,
जसा काही दोष त्या खड्याचा.

रात्री रनिंग रूमच्या ओट्यावर रेडिओ.
दूरच्या बेटांवरची कसोटी,
तिथली दुपार म्हणजे आमची मध्यरात्र.
चार उंच गोलंदाज, एक दमला की दुसरा ताजा,
आणि समोर आपले दोघे.
आवाज खरखरायचा, मधेच समुद्र यायचा,
मधेच यार्डातल्या शंटिंगचा धक्का.
मग कुणीतरी सांगायचं, सोडून दिला.
टाळी नाही, गलका नाही.
हळदीचा लेप लावलेला लोटन तेवढ्यासाठी उठायचा,
अंधारात रिकामे हात वर न्यायचा.
"पाह्यलं का भो? सोडला त्यानं."
रेडिओत काय पाहिलं, हे मी विचारलं नाही.
मलाही दिसलं होतं.

फायनलला त्यानं केल्या नऊ.
दोन तास सहा मिनिटं.
तोवर डेन्झिलचा शर्ट पाठीला चिकटला होता,
चेंडूचा रंग गेला होता,
मग खालच्यांनी येऊन धुलाई केली.
कप त्यांनी उचलला.
लोक घरी जाताना म्हणाले,
"काय खेयला रे भो लोटन! नऊ!"

डेन्झिल मात्र सोड्याच्या दोन बाटल्या घेऊन आला,
त्याच्या शेजारी मातीत बसला,
बोटानं बरगडी दाबत म्हणाला, "इथे?"
"थोडं वर."
मग दोघेही हसले, एक हसताना कण्हत.

त्या दिवशी मी न विचारता एक चिन्ह केलं होतं.
ठिपका, आणि त्यावर तिरपी रेघ,
उचललेल्या बॅटसारखी.
पाचपांडे सरांनी संध्याकाळी वही तपासली,
रबर काढलं.
"वहीत असं नसतं."
एकेक रेघ त्यांनी पुसली, फुंकर मारली,
अंपायरची सही घेतली.

पेन्सिलीचा दाब मात्र कागदात राहतो.
वही खिडकीशी तिरपी धरली की
रेघा अजून दिसतात. एक्केचाळीस.
परवा पुन्हा मोजल्या तर चाळीसच भरल्या.
एक बहुतेक सोडलेला नव्हता,
चुकलेला होता.
लोटनलाच विचारायला हवं होतं,
वेळ होता तेव्हा.