जोडी असावी

त्याला नाव नाही. एक लांबलचक आकडा आहे,
आमच्या वीजबिलावर असतो तसा.
नुसत्या डोळ्यांना तो कधी दिसला नाही, दिसणारही नाही.
भला मोठा आरसा त्याच्याकडे वळवून
वीस-वीस मिनिटं वेचला उजेड
तेव्हा कुठे पडद्यावर उमटला:
बटू तारा, गुरूच्या अंगाएवढा, लालसर,
धड पेटत नाही, विझतही नाही,
राखेखाली जपलेला निखारा.

चिक्कू आहे, म्हणाले डॉक्टर ओयार्सून.
सूर्य उधळ्या; हा पै पै मोजून जळतो.
सूर्याचं दिवाळं निघेल
तेव्हा याचं न्याहारीचं पाणीही
आधण आलेलं नसेल.

मी शास्त्रज्ञ नाही. मी रेमिहिया आयाविरे.
वारा बघते, घुमट उघडते, दुर्बीण फिरवते.
सात रात्री डोंगरावर, सात खाली.
एलेउतेरियो सात दिवस तांब्याच्या खाणीत,
सात दिवस घरी.
मी उतरते तेव्हा तो चढतो.
कालामाच्या बसथांब्यावर पंधरा मिनिटं,
कॉफीचा थर्मास या हातातून त्या हातात,
पाण्याचा पंप पुन्हा बिघडलाय एवढं सांगून होतं.

चिऊ चिऊ गावात आमच्या खिडकीत
रोज एक दिवा लागतो.
शेजारच्या दोन्या सेवेरा, मोतीबिंदू झालेल्या,
कुंपणापलीकडून विचारतात,
तुमच्याकडे एकटंच माणूस राहतं ना?

सोमवारी पोटॅशियमची रेष एकच होती.
मंगळवारी जराशी जाड.
मी म्हटलं, उपकरणाला थंडी बाधली असेल.
बुधवारी पहाटे तीन वाजता
ती मधोमध भेगलेली.
ओयार्सून खुर्चीतून उठले, पुन्हा बसले,
हातातला पाव तसाच.
एक इकडे येतोय, म्हणाले, एक तिकडे जातोय.
इतके जवळ, की त्यांच्यामधली फट
कुठल्याच आरशाला सापडायची नाही.
कदाचित एका रात्रीत फेरी पुरी करत असतील
एकमेकांभोवती.
कदाचित. की आवाजच आहे नुसता,
उजेडातला कचरा?

गुरुवारी रेष पुन्हा एक झाली असती
तर खात्री पटली असती.
गुरुवारी बोलिव्हियाकडून ढग आले.
घुमट मिटला. शुक्रवारीही मिटलेला.
मी भिंतीवरचं आर्द्रतेचं घड्याळ बघत बसले,
ते सूप ढवळत बसले.
वहीत त्या आकड्यापुढे
त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, जोडी असावी,
आणि प्रश्नचिन्ह इतकं दाबून काढलं
की मागच्या पानावर टोचलं.

उतरताना रस्त्यावर दरड.
कालामाला पोचले तेव्हा त्याची बस
निघून गेलेली. थांब्यावर
भुरकी धूळ, एक कुत्रं.

घरी किटली अजून कोमट.
टॉवेल ओला. पंप चालू,
नटाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली.
उशीला एक खळगा.
मी बूट काढले आणि त्यात डोकं ठेवलं,
माझ्या मापाचा नव्हता.

संध्याकाळी दिवा लावला.
कुंपणापलीकडून दोन्या सेवेरा म्हणाल्या,
काल रात्री खूप वेळ जागलात.
मी म्हटलं, हो.
पंप दुरुस्त करत होतो.