गव्हाला न शिवलेली चाळण

शाळेत मला ‘पिठी’ म्हणायचे.
रास्ता पेठेत अण्णांची गिरणी.
वेणीत, दप्तरावर, पापण्यांवर
दिवसभराचा गहू घेऊन मी घरी यायचे
आणि आई उंबऱ्यातच पदरानं झटकायची.
गुरुवारी वीज जायची, पट्टा थांबायचा,
मग कानांत इतकी पोकळी
की जेवताना आम्ही उगीच मोठ्यानं बोलायचो.

त्या गिरणीवर तीन शिक्षणं झाली, दोन लग्नं,
बिबवेवाडीतल्या या फ्लॅटचा पहिला हप्ता.

आणि स्वरदाच्या रिपोर्टात, नवव्या वर्षी,
एक आकडा दहापट निघाला.
डॉक्टर म्हणाले, गहू बंद.
रवा, मैदा, शेवया, बिस्किटं,
बांधणीच्या हिंगातसुद्धा कणीक असते, बघून घ्या.
‘कधीपर्यंत?’ मी विचारलं.
अण्णा भिंतीवरचं आतड्यांचं चित्र बघत होते,
चाळीस वर्षांच्या गिऱ्हाइकानं
दळण परत आणून ठेवावं, तसे.

महिनाभर ते आमच्याकडे फिरकले नाहीत.

वाढदिवस मंगळवारी. केक हवाच,
‘आणि भाकरीसारखा नको, स्पंजसारखा.’
पहिला मी रविवारी करून पाहिला.
ओव्हनच्या काचेआड मस्त फुगला,
बाहेर आला आणि मधोमध बसला,
मे महिन्यातलं खडकवासला:
काठ उंच, मध्ये तळ.
स्वरदा ‘छान झालाय’ म्हणाली
आणि दोन ग्लास पाणी प्यायली.

रात्री आठला बेल.
अण्णा. घडी न मोडलेला बुशशर्ट,
गिरणीचं तोंडही न पाहिलेला.
कोपरापर्यंत हात धुतले, एकदा, दोनदा,
नखं पाहिली, पुन्हा धुतले.
मग पिशवीतून वर्तमानपत्राचं पुडकं काढलं.
‘बोहरी आळीतून आणली. साठ नंबरची जाळी.
गव्हाला शिवलेली नाही.’

आमच्या घरी सोवळं कधी कुणी पाळलं नाही.
साऱ्या पेठेची दळणं एकाच दगडातून गेली.
आता हे असं सोवळं,
आणि विटाळ कुणाचा,
तर गव्हाचा.

माझं पीठ त्यांनी चिमटीत घेतलं,
अंगठ्यानं तर्जनीवर फिरवलं.
डोळे मिटून. मला लहानपणी भीती वाटायची
त्या मिटलेल्या डोळ्यांची.
‘कणी आहे. अगं, गव्हाला चीक असतो,
तो धरून ठेवतो. इथं धरायला कुणी नाही.
सगळा भार अंड्यांवर.
निदान त्यांच्या अंगावर खडे तरी नको टाकूस.’

तांदूळ रात्री भिजवला, सोमवारी सावलीत सुकवला.
मंगळवारी त्यांनी तो दळला, आपल्या गिरणीत नाही,
माझ्या मिक्सरमध्ये, मूठ मूठ,
भांडं तापलं की थांबत.
मग जमिनीवर बसून चाळला, चार वेळा,
तळव्याच्या कडेनं तोच ठेका.
मूठभर आरारूट, लिंबाची किसलेली साल.
दूध नाही, लोणी नाही, अजून तिला सोसत नाही.
मी अंडी-साखर फेटत राहिले
बीटरवरून पडणारी धार
खालच्या फेसावर क्षणभर
अक्षरासारखी टिकेपर्यंत.

वर पाहिलं तर अण्णांच्या पापण्या पांढऱ्या.
झटकायला मी पदर चाचपला.
अंगात कुर्ता होता.

केक डावीकडे थोडा कलला,
वर एक भेग, पण बसला नाही.
बोटानं दाबला की खाली जाई,
सोडला की हळूच वर.
स्वरदानं दोन तुकडे खाल्ले, तिसरा मागितला,
तो मी दिला नाही.
रात्री दर तासाला तिच्या दाराशी जाऊन आले.
पोटाशी गुडघे घेतलेले नव्हते.
पाय पसरून, एक हात पलंगाबाहेर.

पहाटे साडेपाचला फोन.
‘झोपली ना?’
‘झोपली.’
पलीकडे बराच वेळ काही नाही, गुरुवारसारखं.
मग,
‘दळण कसं होतं?’

‘बारीक, अण्णा.’